घरी शिवलेली शॉवर कॅप दर वेळी कडेनेच ओली होते, त्याचं कारण आणि उपाय

ज्यांनी घरी शॉवर कॅप शिवून बघितलीये त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना हा अनुभव आला असणार. कापड चांगलं वॉटरप्रूफ आणलं, माप नीट घेतलं, इलॅस्टिक घट्ट भरलं, आणि तरी अंघोळ झाल्यावर कॅप काढली की कपाळावरचे आणि मानेजवळचे केस ओले. मधले केस कोरडेठाक, फक्त कडेकडेने ओलं. माझं हे लागोपाठ तीन कॅपच्या बाबतीत झालं आणि प्रत्येक वेळी मी चुकीच्या गोष्टीला दोष देत बसले, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे तुमचं कापड आणि वेळ दोन्ही वाचेल.

पहिली कॅप मी पातळ रिपस्टॉप नायलॉनची शिवली, ज्याच्यावर बारीक चौकोनी रेघा असतात आणि एका बाजूला कोटिंग असतं ते कापड. आत सुती अस्तर लावलं कारण केसांना मऊ लागावं, आणि कडेला छान फुलाफुलांचा सुती गोट लावला. दिसायला खूपच सुंदर झाली होती. पहिल्याच अंघोळीला कडेचे केस ओले. मला वाटलं इलॅस्टिक सैल आहे म्हणून पाणी शिरतंय, तर मी इलॅस्टिक काढून ४ सेंटीमीटरने कमी केलं. त्याने काय झालं, कपाळावर लाल वळ उठायला लागला, डोकं जड व्हायचं आणि केस ओले व्हायचे ते होतच राहिले.

मग मला वाटलं शिवणीच्या भोकांतून पाणी येतंय, हे अगदीच चूक नव्हतं पण त्यावर मी उपाय उलटा केला. दुसऱ्या कॅपला एकाऐवजी दोन शिवणी घातल्या आणि टाका बारीक ठेवला, दीड मिलिमीटरचा, म्हणजे शिवण भक्कम होईल आणि पाणी येणार नाही. साध्या कापडावर हा विचार बरोबर असतो, कोटिंगच्या कापडावर नाही, कारण इथे प्रत्येक टाका म्हणजे कोटिंगला पडलेलं एक कायमचं भोक. हिशोब करून बघा, कॅपच्या गोलाचा घेर १५७ सेंटीमीटर असेल तर दीड मिलिमीटरच्या टाक्याने एका फेरीत हजाराच्या वर भोकं पडतात आणि साडेतीन मिलिमीटरच्या टाक्याने साधारण साडेचारशे. मी तर दोन फेऱ्या मारल्या होत्या. दुसरी कॅप पहिलीपेक्षा जास्त ओली झाली.

तिसऱ्या वेळी कापडच बदललं, जाड प्लास्टिकचं घेतलं, टेबलावर अंथरतात तसलं. ते मशीनच्या पायाखाली सरकेचना, पाय चिकटून बसायचा आणि टाके एकाच जागी गोळा व्हायचे. कसंबसं शिवलं, पण चार-पाच वापरातच शिवणीच्या रेषेवर फाटलं, स्टॅम्प फाडावा तसं सरळ रेषेत. आणि एवढं करूनही कड ओली होतच होती, कारण गोट मी तोच लावला होता. तिन्ही कॅपमध्ये बाकी सगळं बदललं, गोट तेवढा तसाच राहिला, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं आईने. रात्री अंघोळीनंतर पहिली कॅप मी आतली बाजू बाहेर करून दोरीवर टाकली होती, सकाळी आई कपडे काढत होती, तिने ती हातात घेतली, मधल्या कापडावर बोट फिरवलं, मग कडेवर फिरवलं आणि म्हणाली, "अगं, हे कापड केव्हाच वाळलंय आणि गोट बघ अजून गार लागतोय. सुती लावलायस ना? हात लावून बघ." मी हात लावला तर खरंच, नायलॉन कोरडं आणि गोट ओलसर, नुसता गोटच नाही तर गोटाला लागून जे अस्तर होतं त्याच्यावर दोन-अडीच बोटं रुंदीचा ओलाव्याचा पट्टा सगळीकडून गोल दिसत होता, वरच्या बाजूला त्याची कड वेडीवाकडी, जमिनीवर सांडलेलं पाणी भिंतीच्या पायथ्याला चढल्यावर दिसतं ना तशी.

तिथे सगळा उलगडा झाला. पाणी कॅपमधून गळत नव्हतं, पाणी कडेने वर चढत होतं. सुती कापड म्हणजे वात. दिव्याची वात तेल वर ओढते तसं सुती गोट कपाळावरून ओघळणारं पाणी ओढून घेतो, गोट दुमडून आत गेलेला असतो, आत तो अस्तराला टेकलेला असतो, अस्तरही सुती, आणि अस्तर केसांना टेकलेलं. म्हणजे बाहेरच्या पाण्यापासून केसांपर्यंत मी स्वतःच एक अखंड वाट शिवून दिली होती. इलॅस्टिक कितीही घट्ट करा, ही वाट बंद होत नाही, उलट घट्ट इलॅस्टिकने ओला गोट कपाळावर आणखी दाबून बसतो.

दोऱ्याचंही तेच. सुती दोरा किंवा वरून सूत गुंडाळलेला मिश्र दोरा पाणी पितो आणि प्रत्येक भोकातून ते आत पोचवतो. पॉलिस्टरचा दोरा पाणी शोषत नाही, त्याच्या तंतूंमधून थोडंफार सरकतं पण फरक खूप मोठा आहे. बॉबिनमध्येही पॉलिस्टरच भरायचा हे लक्षात ठेवा, मी एकदा वर पॉलिस्टर आणि खाली आधीचा उरलेला सुती दोरा तसाच ठेवून शिवलं होतं.

आता तुमची कॅप नेमकी कशाने ओली होतेय हे आधी शोधा, मग उसवायला घ्या, कारण या कापडावर एकदा उसवलं की भोकं तशीच राहतात. मी ज्या पद्धतीने तपासलं ते सांगते. आधी ओलावा कुठे आहे ते बघायचं. कॅपच्या वरच्या भागात, डोक्याच्या मध्यावर आतून बारीक थेंब असतील तर ते बहुतेक वेळा गळणं नसतंच, गरम पाण्याची वाफ आणि डोक्याचा घाम आतल्या बाजूला जमतो, बंद डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसं. त्यासाठी कापड बदलायची गरज नाही. ओलावा फक्त कडेला, पट्टा धरून असेल तर कड दोषी. आणि जागोजागी ठिपके असतील तर कापडाचं कोटिंग गेलंय किंवा टाचण्यांची भोकं आहेत.

कापडाची शंका असेल तर कॅप उलटी करा म्हणजे बाहेरची बाजू आत येईल, वाटीसारखी धरा, दोन पेले पाणी ओता आणि खाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून १० मिनिटं थांबा. टिश्यू कोरडा राहिला तर कापड उत्तम आहे, शॉवरखाली पाणी इतका वेळ एका जागी साचून राहतच नाही. जुन्या छत्रीचं कापड वापरणाऱ्यांनी तर हे कापायच्या आधीच करावं, कारण घड्यांच्या रेषांवर कोटिंग घासून गेलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कडेची परीक्षा वेगळी, त्यासाठी टिश्यूच्या बोटभर पट्ट्या कापून कॅपच्या कडेपासून साधारण बोटभर आत कपाळाला, दोन्ही कानांमागे आणि मानेला ठेवायच्या, कॅप घालायची आणि नेहमीसारखी अंघोळ करायची. कुठली पट्टी ओली झाली त्यावरून कळतं. माझ्या पहिल्या कॅपमध्ये चारही ओल्या झाल्या होत्या. गोट बदलल्यावर फक्त मानेची ओली झाली, आणि त्याचं कारण वेगळंच निघालं.

ते कारण म्हणजे केस. हे मला वाटतं सगळ्यात कमी लोकांच्या लक्षात येतं. कॅपची कड केसांवर बसली तर केसच वातीचं काम करतात, मानेवरच्या बारीक बटा कडेखालून बाहेर डोकावतात आणि पाणी त्यांच्यावरून आत जातं. कड सगळीकडून कातडीवर बसली पाहिजे, कपाळावर केस सुरू होतात त्याच्या बोटभर खाली, मानेवरही तसंच. माझी कॅप लहान पडत होती, अंबाडा वर बांधला की मागची कड वर ओढली जायची. म्हणून गोल कापायच्या आधी कुठलं तरी ठरलेलं माप घेऊ नका, स्वतःचं घ्या. केस अंघोळीला बांधता तसे बांधा, कपाळावर जिथे कड बसायला हवी तिथून टेप धरा, अंबाड्यावरून नेऊन मानेवर जिथे कड हवी तिथपर्यंत आणा. माझं ४८ आलं. त्यात टेप ताठ बसते म्हणून २ सेंटीमीटर सैलपणाला वाढवले, म्हणजे गोलाचा व्यास ५०. केस आखूड असतील तर ४२-४४ सुद्धा पुरतं. उगाच मोठा गोल कापू नका, कारण गोल जितका मोठा तितक्या कडेला चुण्या जास्त, आणि खोल चुणी म्हणजे एक छोटी पन्हाळच, तिच्यातून पाणी सरळ आत. ५० व्यासाचा घेर १५७ आणि डोक्याचा घेर साधारण ५५, म्हणजे जवळजवळ तिप्पट कापड चुण्यांमध्ये बसवायचंय, याच्यापेक्षा जास्त मला तरी झेपत नाही.

कड आत दुमडून नेफा करायचा की वेगळी पट्टी लावायची, यावर मी बरेच दिवस घालवलेत. सरळ कापडाचा नेफा करणं सोपं असतं पण गोल कड दुमडली की कापड जास्तीचं होतं, कारण बाहेरची लांब कड आतल्या छोट्या घेरावर येऊन बसते. दीड सेंटीमीटर दुमडलं तर कापडाची कापलेली कड ३ सेंटीमीटर आतल्या घेरावर येते आणि तिथे जवळजवळ १९ सेंटीमीटर कापड जास्तीचं होतं, ते कुठेतरी चुरगळणारच. अडीच सेंटीमीटर दुमडलं तर ३१ सेंटीमीटर. शिवताना घड्या पडतात, घडीवर घडी येते, सुई तिथे टाके सोडते, आणि मग इलॅस्टिक घालताना सेफ्टी पिन नेमकी त्या घडीत अडकते. बऱ्याच जणी म्हणतात की आमचा नेफा वाकडा होतो, हात बसला नाही, तर हात बसण्याचा प्रश्न नाहीये, गोलाचा स्वभावच तसा आहे.

म्हणून मी आता त्याच वॉटरप्रूफ कापडाची उरेब पट्टी काढते, ४५ अंशात तिरकी कापलेली, साडेतीन सेंटीमीटर रुंद, आणि तिचा नेफा करते. उरेब असल्यामुळे ती गोलावर वळते. पट्टीची चांगली बाजू कॅपच्या चांगल्या बाजूवर ठेवायची, कडेपासून ७ मिलिमीटरवर पहिली शिवण, मग पट्टी पूर्ण आत वळवायची, तिची मोकळी कड ७-८ मिलिमीटर आत दुमडायची आणि त्या दुमडीवर दुसरी शिवण. आत जवळजवळ २ सेंटीमीटरचा नेफा राहतो, त्यात ८ ते १० मिलिमीटरचं इलॅस्टिक आरामात सरकतं. एकही सुती धागा कडेला नाही. फुलाफुलांच्या गोटासारखं देखणं दिसत नाही हे खरं, पण रंगीत पट्टी हवी असेल तर दुसऱ्या रंगाचं नायलॉन वापरा, छान दिसतं.

पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाला मागून पॉलियुरेथेनचा थर चिकटवलेला असतो ते कापड, म्हणजे पीयूएल, धुवून वापरायच्या लंगोटांसाठी येतं बघा, ते मिळालं तर पट्टीचीही गरज नाही, कारण त्याच्या कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि ते थोडं ताणतं, एकदाच एक-सव्वा सेंटीमीटर दुमडून काम भागतं. सुरुवात करणाऱ्यांना मी तेच सुचवीन.

अस्तराचं काय करायचं, तर मी ते कॅपला शिवणंच बंद केलं. सॅटिनची, म्हणजे पॉलिस्टर सॅटिनची एक वेगळी छोटी आतली टोपी शिवली, तिला स्वतःचं हलकं इलॅस्टिक, आणि ती बाहेरच्या कॅपच्या कडेपासून दोन बोटं आत राहते. केसांना मऊही लागतं, वाफेचा ओलावाही ती झेलते आणि काढून वेगळी धुता येते. अस्तर शिवायचंच असेल तर सुती नको आणि त्याची कड नेफ्याच्या वरच संपली पाहिजे, नेफ्यात घेऊ नका.

सुई आणि टाका. रिपस्टॉपला बारीक टोकदार सुई, ७० किंवा ८० नंबरची, पीयूएलला स्ट्रेच सुई ७५ नंबरची. सुई नवीन घाला, बोथट सुई कापडाला भोक पाडण्याऐवजी कोटिंग ओरबाडते आणि ते भोक मोठं होतं. टाका ३ ते ३.५ मिलिमीटर. शिवणीच्या सुरुवातीला आणि शेवटी आपण सवयीने मागेपुढे तीन-चार वेळा मारतो, ते इथे नको, दोऱ्याची शेपटं लांब ठेवा आणि हाताने गाठ मारा. टाचण्या अजिबात नाही, कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टाचणी लावायचीच झाली तर फक्त शिवणीच्या बाहेरच्या मार्जिनमध्ये.

पाय चिकटत असेल तर टेफ्लॉनचा पाय मिळतो तो उत्तम. नसेल तर कापडावर पातळ कागदाची पट्टी ठेवून तिच्यावरून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा, किंवा पायाच्या तळाला मॅट, म्हणजे चकचकीत नसलेल्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, सुईची जागा मोकळी कापून. मी कागदाच्या पट्टीनेच करते, फाडताना मात्र शिवण एका हाताने धरून हळू फाडायचा, नाहीतर टाके ओढले जातात. चकचकीत बाजू खालच्या दात्यांवर आली तर तिथेही चिकटतं, मग खालूनही कागद.

इलॅस्टिक सैल होण्याची तक्रार वेगळी आहे, आणि ती खरी असते तेव्हा कारण बहुतेक इलॅस्टिकच्या जातीत असतं. बाजारात सहज मिळतं ते गोफासारखं गुंफलेलं, ताणलं की अरुंद होणारं, त्याच्यावर उभ्या बारीक रेघा दिसतात. ते नेफ्यात नुसतं घालायला चालतं पण त्याच्यावरून थेट शिवलं की सुई आतले रबरी धागे तोडते आणि ते कायमचं ढिलं पडतं. ताणूनही रुंदी तीच राहते ते इलॅस्टिक यासाठी जास्त बरं, स्विमसूटसाठी येतं ते मिळालं तर फारच छान कारण ते पाण्यात रोज भिजायलाच बनवलेलं असतं. घेताना १० सेंटीमीटरचा तुकडा मोजून आठ-दहा वेळा पूर्ण ताणून सोडा आणि परत मोजा, साडेदहा झाला तर घेऊ नका. केसांना तेल लावून कॅप घालत असाल तर ते तेल रबराला खातं, अशा वेळी आतली वेगळी टोपी खूप कामाला येते.

लांबी किती, तर डोक्याच्या घेरापेक्षा १० टक्क्यांच्या आसपास कमी. माझा घेर ५५, तर मी तयार इलॅस्टिक ४९-५० ठेवते आणि टोकं एकमेकांवर चढवायला दीड सेंटीमीटर वेगळे धरते. पण आधी शिवू नका, सेफ्टी पिनने जोडून कॅप १५ मिनिटं घालून घरात वावरा, वळ उठला तर एक सेंटीमीटर सोडा. कडेला पाण्याच्या वाटेत वात नसेल तर इतकं घट्ट लागतच नाही, हे मला चौथ्या कॅपला कळलं, आधी ४ सेंटीमीटर कमी करून जे सहन केलं ते सगळं विनाकारण होतं. चुण्या सारख्या बसाव्यात म्हणून नेफ्यावर आणि इलॅस्टिकवर चार-चार खुणा करा, खुणेला खूण जुळवा, नाहीतर सगळ्या चुण्या मानेवर गोळा होतात आणि पाणी तिथूनच जातं.

जिची कॅप शिवून झालीये आणि सुती गोट लावलाय तिने ती टाकून देऊ नये. गोट उसवा, मग जुन्या भोकांच्या रांगेच्या आतून, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर, कड गोल कापून टाका, व्यास २ सेंटीमीटरने कमी होईल, तेवढा बहुतेक चालतो. अस्तर असेल तर काढून टाका. मग वर सांगितली तशी नायलॉनची उरेब पट्टी. माझी पहिली कॅप अशीच वाचली आणि तीच आता रोज वापरात आहे. शिवणीवर खात्री नसेल तर सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रव, लावता येतो, आतल्या बाजूने पातळ हात, एक रात्र सुकू द्या. फक्त सिलिकॉनचं कोटिंग असलेल्या कापडावर साधा सीलर धरत नाही, त्याला सिलिकॉनचाच लागतो, म्हणून उरलेल्या तुकड्यावर लावून दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघा, सोललं तर तो त्या कापडाचा नाही. इस्त्री थेट कोटिंगवर फिरवू नका, कापड मध्ये घेऊन अगदी कोमट.

आणि वापरून झाल्यावर झटकून, उलटी करून, नेफा ताणून न ठेवता वाळत घाला. हुकाला इलॅस्टिक अडकवून टांगली की ओल्या कॅपचं वजन एकाच जागी येतं आणि तिथलं इलॅस्टिक लवकर जातं. मी नेफ्याच्या बाहेर मागच्या बाजूला त्याच कापडाचा एक छोटा लूप शिवलाय, पट्टी लावतानाच पहिल्या शिवणीत धरून, म्हणजे त्याच्यासाठी वेगळी भोकं पडत नाहीत. इलॅस्टिक बदलायला नेफ्याचं तोंड ३ सेंटीमीटर मी मशीनने बंद करत नाही, हाताने मोठ्या टाक्यांत शिवते, पुढच्या वेळी तेवढंच उसवायचं.